कंसातून टिंबाकडे : आडतीची पट्टी रूबीत मांडताना

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा सौदा होऊन माल काट्यावरून उतरला की शेतकऱ्याच्या हातात शेवटी एक कागद पडतो. हिशोबपट्टी. रोजच्या बोलण्यात नुसती पट्टी. कट्टे किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती गेली आणि हातात काय आलं, एवढं त्यावर असतं. एका आडत दुकानाचा पट्टी छापायचा प्रोग्रॅम सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. आधी ज्यानं तो लिहिला होता त्याला पुण्यात नोकरी लागली, आणि जाताना तो रूबी ह्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या काही फाइली आणि एक पासवर्ड ठेवून गेला. काम लहान, पैसे त्याहून लहान. पण त्यातल्या एका प्रश्नात मी चांगलाच गुंतलो: हॅशमधली माहिती कंस लावून काढायची, की वस्तूला मेथड (तिला जमणारं, नाव दिलेलं काम) विचारावी तशी टिंब देऊन?

रूबीतला हॅश म्हणजे नाव आणि त्यासमोर किंमत, अशा जोड्यांचा संच. किंमत काढायला चौकोनी कंसात नाव द्यायचं. मिळालेल्या कोडमध्ये सगळा कारभार असाच होता, वर नावं मराठी पण लिपी रोमन. वजन हा शब्द एका फाइलीत डब्ल्यूनं सुरू व्हायचा, दुसरीत व्हीनं. हमालीचा शेवट कुठं आयनं, कुठं दोन ईंनी. हॅशला नसलेलं नाव कंसातून विचारलं तर तो तक्रार करत नाही, गुपचूप निल, म्हणजे 'काहीच नाही', देतो. निलमध्ये बेरीज-वजाबाकी करायला गेलं तर रूबी ओरडते खरी, पण इथं प्रत्येक आकड्यापुढं टू_एफ (जे असेल त्याचा आकडा करणारी मेथड) लावलेलं होतं, आणि निलचं टू_एफ म्हणजे ०.०. म्हणजे हमालीचं स्पेलिंग चुकलं की हमाली शून्य, पट्टी व्यवस्थित छापून बाहेर. शेतकरी खूश, आणि संध्याकाळी गल्ला जुळेना म्हणून मुनीमकाका वैतागलेले.

पहिला निर्णय सोपा होता. रूबीत व्हेरिएबलची, मेथडची आणि हॅशमधली नावं देवनागरीत चालतात. फाइल यूटीएफ-८ ह्या, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या, पद्धतीत साठवलेली असली की झालं, आणि रूबी २.० पासून तेच गृहीत धरलं जातं. तेव्हा मी नावं सरळ मराठीत घेतली. ओळ अशी दिसायला लागली:

पट्टी[:वजन] * पट्टी[:भाव] - पट्टी[:खर्च][:हमाली] - पट्टी[:खर्च][:तोलाई]

हे खरंखुरं चालणारं रूबी आहे, लेखासाठी सजवलेलं नाही. फक्त वर्गाचं (एका प्रकारच्या वस्तूंचा साचा, म्हणजे क्लास) नाव देवनागरीत देता येत नाही. रूबीत वर्गाचं नाव मोठ्या अक्षरानं सुरू व्हावं लागतं. २.६ पासून ग्रीक, रशियन मोठी अक्षरंही चालतात, पण आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही. त्यामुळे वर्गाचं नाव पट्टी, पण रोमनमध्ये.

वाचायला बरं झालं, तरी कंस डोळ्यात खुपत होते. मी मुळात जावास्क्रिप्टवाला. तिथं ऑब्जेक्टला कंस लावा नाहीतर टिंब द्या, साध्या नावासाठी दोन्ही एकच. रूबीत तसं नाही. हॅशवर टिंब दिलं की रूबी हॅशची मेथड शोधते, हॅशमधलं नाव नाही. पट्टी.वजन लिहिलं तर उत्तर येतं की हॅशला वजन नावाची मेथड माहीत नाही. माझी इच्छा एवढीच की ही ओळ अशी व्हावी:

पट्टी.वजन * पट्टी.भाव - पट्टी.खर्च.हमाली - पट्टी.खर्च.तोलाई

पहिला रस्ता कुणीही सांगेल तो: ओपनस्ट्रक्ट. रूबीसोबतच येणारी लायब्ररी. हॅश आत टाका, टिंब देऊन बाहेर काढा. एक अडचण लगेच येते, ती म्हणजे आतला हॅश हॅशच राहतो. पट्टी.खर्च मिळतं, पुढचं .हमाली मिळत नाही. त्यावर तोड आहे. माहिती जेसनमधून (प्रोग्रॅम एकमेकांना माहिती पाठवतात ती मजकुराची पद्धत) येत असेल तर ती पार्स करतानाच, म्हणजे वाचतानाच, ऑब्जेक्ट_क्लास म्हणून ओपनस्ट्रक्ट द्यायचं, मग आतले हॅशसुद्धा ओपनस्ट्रक्ट होतात. काट्याकडून येणारी माहिती जेसनमध्येच होती, त्यामुळे एका ओळीत काम झालं.

पण मूळ रोग गेला का? पट्टी.हमाळी असं चुकून लिहून पाहिलं. निल. कंसातलं निल टिंबातून यायला लागलं, इतकाच फरक. वर किंमत भरतानाही तेच: पट्टी.हमाळी = ५० असं लिहिलं तर ओपनस्ट्रक्ट नवं नाव तयार करून त्यात आकडा ठेवतं आणि खऱ्या हमालीला हात लावत नाही. मराठीत ह्रस्व-दीर्घ, ल-ळ, हिशोब-हिशेब असे खेळ रोजचे आहेत. तिथं असं मुकाट सोसणारं साधन घेणं मला पटेना. परत जेसन करून पाठवायला गेलो तर आणखी एक गंमत. ओपनस्ट्रक्टला थेट टू_जेसन म्हटलं की आतली माहिती जाण्याऐवजी त्या वस्तूचं वर्णनच एक लांबलचक मजकूर म्हणून जातं. आधी टू_एच करून हॅशवर यावं लागतं, आणि हे टू_एच एकाच थरावर चालतं, आतले ओपनस्ट्रक्ट तसेच राहतात. खुद्द रूबीच्या दस्तऐवजात ओपनस्ट्रक्टबद्दल वेग, सुरक्षितता आणि आवृत्त्यांमधला फरक ह्या कारणांनी सावधगिरीची सूचना आहे. वेगाचं मला काही नव्हतं. ऐन हंगामातही आडत दुकानाच्या दिवसाच्या पट्ट्या संगणकाच्या हिशोबात चिल्लर असतात. मला खटकला तो त्याचा मुकाटपणा.

आता आधीच्या माणसाकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त मी त्याच्याच एका कॉमेंटमधून शिकलो. पट्टीसाठी कंस वापरणाऱ्या ह्या गड्यानं बाजारभावासाठी मात्र टिंबाची सोय केली होती. हॅशपासूनच एक वर्ग काढलेला आणि त्यात मेथड_मिसिंग लिहिलेलं: नसलेली मेथड विचारली की ते नाव हॅशमध्ये शोध. रोजच्या भावाच्या फाइलीत तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. फाइलीत त्यांची नावं इंग्रजी होती: मिन, मॅक्स, मोडल. इथं मी देवनागरीत लिहितोय, तिथं ती रोमनमध्ये होती. सगळीकडे टिंब, पण मिन आणि मॅक्सच्या जागी मात्र कंस, आणि वर कॉमेंट: 'इथे डॉट लावू नये.' का, ते लिहिलेलं नाही.

आयआरबी, म्हणजे रूबीच्या ओळी लगेच चालवून दाखवणारी खिडकी, उघडली आणि डॉट लावून पाहिला. समजा मिन ४,१००, मॅक्स ४,६०० आणि मोडल ४,४००. भाव.मिन विचारलं तर काय यावं? आलं ते असं: मॅक्स, ४६००. आणि भाव.मॅक्स विचारलं तर मोडल, ४४००. किमान विचारलं तर कमाल, कमाल विचारलं तर सर्वसाधारण! थोडं चक्रावून मग उलगडलं. हॅशला मिन आणि मॅक्स ह्या मेथड आधीपासून आहेत, एन्यूमरेबल ह्या रूबीतल्या तयार मेथडसंचाकडून आलेल्या. त्या नाव-किंमत अशा सगळ्या जोड्या एकमेकांशी ताडून सगळ्यात लहान किंवा मोठी जोडी देतात, आणि जोड्या ताडताना आधी नाव पाहतात. इंग्रजी वर्णक्रमात मॅक्स पहिलं, मिन दुसरं, मोडल तिसरं. म्हणून सगळ्यात लहान जोडी मॅक्सची, सगळ्यात मोठी मोडलची. मेथड_मिसिंगला कुणी विचारलंच नाही, कारण मेथड मिसिंग नव्हतीच! काउंट, साइझ, सम, की, झिप, फर्स्ट ही सगळी नावं अशीच आधीपासून बसलेली आहेत. कट्ट्यांच्या संख्येला काउंट नाव दिलं असतं तर हॅशमध्ये किती जोड्या आहेत तो आकडा आला असता, आणि तो दिसायला इतका साळसूद की कुणाला संशयही आला नसता.

ओपनस्ट्रक्टमध्ये ह्याची उलटी बाजू आहे. रूबी ३.० पासून ते आत टाकलेल्या नावाला प्राधान्य देतं. क्लास नावाचं खातं टाकलं तर वस्तूला तिचा वर्ग विचारायची मूळ मेथडच झाकली जाते. म्हणून त्यांनी मूळ मेथडींना उद्गारचिन्ह लावलेली जोडनावं ठेवलीत.

मराठी नावांचा एक फायदा मला इथं कळला, जो मी आधी धरलाच नव्हता. रूबीतल्या तयार मेथड सगळ्या इंग्रजी. हॅशला किमान नावाची मेथड नाही, कमाल नावाची नाही, मोजणी नावाची नाही. नावं देवनागरीत ठेवली की ही टक्कर होतच नाही. मराठीचा अभिमान वगैरे बाजूला ठेवून सांगतो, निव्वळ सोयीसाठीसुद्धा हे करण्यासारखं आहे.

मग मी स्वतःचा वर्ग लिहिला, हॅशपासून न काढता, हॅश पोटात ठेवणारा. मेथड_मिसिंगमध्ये एवढंच: नाव हॅशमध्ये असेल तर किंमत दे, नसेल तर सुपर म्हण, म्हणजे काम वरच्या वर्गाकडे सोपव, मग रूबीची नेहमीची नो-मेथड-एरर येते. किंमत स्वतःच हॅश असेल तर ती ह्याच वर्गात गुंडाळून दे, ॲरे, म्हणजे यादी, असेल तर आतला प्रत्येक हॅश गुंडाळ. ही कल्पना काही रूबीची नवी नाही, स्मॉलटॉक ह्या जुन्या भाषेत न कळलेल्या संदेशासाठी अशीच सोय होती. सोबत रिस्पॉन्ड_टू_मिसिंग? लिहावं लागतं, ते बरेच जण गाळतात. गाळलं की वस्तू वजन सांगते, पण तुला वजन सांगता येतं का असं विचारलं तर नाही म्हणते. दुकानात माल आहे आणि पाटीवर नाव नाही असा प्रकार. ही मेथड १.९.२ पासून रूबीत आहे, आणि ती लिहिली की वस्तूकडून मेथड हातात काढून घेणंही जमतं.

चुकलेल्या नावावर आता प्रोग्रॅम थांबायला लागला. पट्टी.हमाळी म्हटलं की एरर. टू_एफची पेरणी मी उपटून टाकली. त्याच सुमारास एक चांगली गोष्ट झाली. मी दुकानातच बसून काम करत होतो, स्क्रीनवर तीच हिशोबाची ओळ होती. मुनीमकाका चहा घेऊन मागं उभे होते. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. पट्टी वजन गुणिले पट्टी भाव वजा... कंस असताना त्यांनी कधी स्क्रीनकडे पाहिलं नव्हतं. खालच्या ओळीत हमाली कशी काढलीय ते होतं: पट्टी.वजन * दर.हमाली. तिथं ते थांबले.

"हे काय मांडलंय रे इथं? हमाली कट्ट्यावर असती आपली, क्विंटलवर न्हाई."

"काका, आधीपासून असंच आहे ह्यात."

"आसंल. म्हणूनच मी रोज हातानं दुरुस्त करूलालोय की."

पन्नास किलोचा भरलेला कट्टा असेल तर दोन्हीचा मेळ बसवता येतो, पण शेवटचा कट्टा अर्धा निघतो आणि तिथं फरक पडतो. ओळ पट्टी.कट्टे * दर.हमाली अशी केली. तेव्हापासून हिशोबाच्या कुठल्याही ओळी बदलल्या की मी त्या काकांना वाचायला देतो. ते टिंब वाचत नाहीत, 'ची'-'चा' असं मनानंच घालतात: पट्टीचं वजन, दराची हमाली.

तरी मेथड_मिसिंगवर मी फार दिवस राहिलो नाही. कारण वेगळंच निघालं. हमाली हे नाव कुठं ठरलंय ते शोधायला गेलं तर कोडमध्ये कुठंच सापडत नाही, कारण ते जेसनमधून आयत्या वेळी येतं. एडिटर नाव सुचवत नाही. पट्टीत नेमके कोणते रकाने असतात हे कोड वाचून कळत नाही, चालवून पाहावं लागतं. आणि पट्टीचे रकाने तर ठरलेले आहेत! रकाने ठरलेले असताना कुठलंही नाव झेलणारी जादू कशाला? सर्व्हरकडून काय येईल ह्याचा नेम नसतो तिथं मेथड_मिसिंग ठीक. पट्टीला नको.

रूबी ३.२, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या आवृत्तीत डेटा नावाचा वर्ग आहे. डेटा.डिफाइन म्हणायचं आणि नावांची यादी द्यायची: :वजन, :भाव, :कट्टे, :हमाली, :तोलाई. टिंबाच्या मेथड खऱ्याखुऱ्या तयार होतात. हॅशमधून भरायला दोन तारे लावून हॅश उलगडायचा. त्यातली नावं सिंबॉल (:वजन सारखी, पुढं दोन टिंबं असलेली) असलेली बरी, म्हणून जेसन वाचताना सिंबलाइझ_नेम्स चालू ठेवायचं. एखादं नाव कमी पडलं तर वस्तू तयारच होत नाही, मिसिंग कीवर्ड अशी एरर येते. एखादं जास्तीचं आलं तर अननोन कीवर्ड. म्हणजे चूक पट्टी छापताना नाही, माहिती दारात आल्याआल्याच पकडली जाते. शिवाय डेटाची वस्तू एकदा झाली की बदलत नाही. दुरुस्ती करायची तर विथ म्हणून नवी प्रत काढायची. दिलेल्या पट्टीवर खाडाखोड चालत नाही, नवी पट्टी करावी लागते, हा दुकानाचा नियमच होता, त्यामुळे हे मला फारच जुळलं. जुनं स्ट्रक्ट घेतलं असतं तरी टिंब मिळालं असतं, पण ते नंतर बदलू देतं आणि किंमत दिली नाही तर निल धरून चालतं.

आणि नेमकं इथं ऱ आडवा आला.

शेतकऱ्याचं नाव मोबाइलवरच्या फॉर्ममधून यायचं. तो फॉर्म दुसऱ्यानं बनवला होता आणि त्यातल्या रकान्यांची नावंही मी मराठी करायला सांगितली होती. डेटा वस्तू बनवताना एरर: अननोन कीवर्ड, शेतकऱ्याचे_नाव. मी यादी पाहिली तर तिच्यात शेतकऱ्याचे_नाव आहे. अक्षर न् अक्षर तेच. एका खिडकीतून दुसरीत डोळ्यांनी ताडलं, काही फरक नाही. शेवटी दोन्हींना कोडपॉइंट्स, म्हणजे अक्षरांचे युनिकोडमधले क्रमांक, विचारले तेव्हा उलगडा झाला. मराठीतला हा अर्धा ऱ दोन तऱ्हेनं टाइप होतो. एका तऱ्हेत युनिकोडमधला स्वतंत्र ऱ, क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यामागं झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. रूबी नावं ताडताना असलं काही समजून घेत नाही, अक्षरांचे क्रमांक वेगळे म्हणजे नाव वेगळं. ते अदृश्य चिन्ह नावात आलं म्हणून कुरकूरही करत नाही. युनिकोड_नॉर्मलाइझ करून पाहिलं. त्यानं र आणि खालच्या नुक्त्याची जोडी एका ऱमध्ये मिटते, जोडचिन्हवाला प्रकार मात्र जसाच्या तसा राहतो. तो वेगळा बदलून घ्यावा लागतो.

ओपनस्ट्रक्ट असतं तर काय झालं असतं? पट्टी.शेतकऱ्याचे_नाव म्हटल्यावर निल, आणि बिननावाची पट्टी छापून गेली असती. नाव डोळ्यासमोर असूनही रिकामी जागा का, ह्यावर मी किती वेळ घालवला असता देव जाणे.

उपाय दोन केले. रकान्याचं नाव नुसतं शेतकरी ठेवलं, त्यात अर्धा ऱ येतच नाही. आणि बाहेरून येणारी नावं पुन्हा साधी रोमन केली, आत येताना एकाच जागी एक तक्ता ठेवला: बाहेरचं हे नाव, आतलं ते नाव. स्पेलिंगची सगळी भांडणं त्या तक्त्यात मिटतात, पुढं सगळं मराठी. बाहेर जाताना उलटा तक्ता. नावांसोबत आकड्यांची सफाईही तिथंच उरकली, कारण कुणीतरी वजन देवनागरी अंकांत भरतं आणि रूबीचं टू_आय (पूर्णांक करणारी मेथड) त्याचं सरळ शून्य करतं. टीआर मेथडनं ०-९ बदलून घेतले की झालं.

एक रकाना मात्र मी मुद्दाम हॅशच ठेवलाय: पट्टी.इतर. कुणी हंगामाआधी उचल घेतलेली असते, कुणाच्या मालाची चाळणी करावी लागते, कुणाचा बारदाना दुकानाचा असतो. ही यादी संपणारी नाही आणि प्रत्येक पट्टीत वेगळी. तिथं पट्टी.इतर.फेच म्हणायचं, पुढं :उचल आणि नसल्यास ०. हेसुद्धा शून्यच आहे, पण ते मी लिहून दिलेलं शून्य आहे. उचल नोंदलेली नाही म्हणजे उचल नाही, असं दुकानात खरोखरच धरतात. हमालीला तसं धरत नाहीत, म्हणून हमालीला ही सवलत नाही.

टिंबाच्या हौशी मित्रांना मी आता विचारतो की रकाने ठरलेले आहेत का. ठरलेले असतील तर डेटा. नसतील तर हॅश आणि फेच, कंसांची लाज बाळगायचं कारण नाही. मधला मेथड_मिसिंगचा रस्ता शिकायला फार छान, त्याच्यामुळेच मिन-मॅक्सचं कोडं कळलं, पण तो दुकानात ठेवण्याइतका मला भरवशाचा वाटला नाही.

हमीभावानं सोयाबीन घेताना १२ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो, त्यामुळे आता काकांना प्रत्येक पट्टीवर ओलावा छापून हवाय. डेटाच्या यादीत :ओलावा घातलं की जुन्या सगळ्या पट्ट्या वाचताना मिसिंग कीवर्ड येतो, कारण त्यांच्यात तो रकानाच नव्हता. इनिशियलाइझमध्ये ओलाव्याला निल हे ठरावीक मूल्य देऊन ते सोडवलं. हा एकच निल मी जाणूनबुजून आत घेतला, आणि त्यावर कुठंही हिशोब होत नाही, फक्त छपाई. जुन्या पट्टीची दुसरी प्रत काढली की तो रकाना कोरा येतो. काकांना ते चालतं. ऑडिटरला चालेल का, ते मार्चमध्ये कळेल.